शेवटचे चार हात

मेंढीकोट या पत्त्यांच्या खेळाचा डाव तेरा हातांचा. पहिल्या आठ-नऊ हातांत एक्के-राजे दणादण उतरतात, मेंढ्या पळवल्या जातात, हुकूम मारले जातात, बघ्यांचेही आवाज चढतात. मग हातात चार पानं उरतात आणि बहुतेकांचं लक्ष सुटतं. मोठी पानं गेली, आता उरलं काय, असं म्हणून दुर्री-तिर्री भराभर खाली पडते. बरोबरीचा डाव मात्र नेमका इथेच ठरतो. आधीच्या नऊ हातांत नशिबाला जागा असते. शेवटच्या चार हातांत ती फार थोडी उरते, कारण तोवर छत्तीस पानं सर्वांसमोर उघडी पडलेली असतात. ज्याने ती पाहिली आणि मोजली, त्याच्यापुढे समोरच्याचा हात जवळजवळ उघडाच असतो.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हा खेळ गावोगावी खेळला जातो. इथल्या शेतीत वाट पाहणं पुष्कळ. नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटतं ते पाळीने, आणि आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. गाळपाच्या हंगामात माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या तळावर उसाने भरलेल्या गाड्या नंबर लागण्याची वाट पाहत उभ्या असतात. चैत्र-वैशाखात जत्रा आणि लग्नसराई येते, पुण्या-मुंबईची मंडळी गावी परततात, दुपारची उन्हं बाहेर पडू देत नाहीत. अशा वेळी पारावर, ओसरीवर, ट्रॉलीच्या सावलीत पत्त्यांचा कॅट निघतो आणि चौघं बसले की मेंढीकोट सुरू होतो. या खेळाकडे वेळ घालवण्याचं साधन म्हणूनच पाहिलं जातं. पण हा खेळ गणिताचा, स्मरणाचा आणि भिडूवरच्या विश्वासाचा आहे, आणि त्याचा कस लागतो तो शेवटी. कोणतं पान ठेवायचं आणि कोणतं टाकायचं, एवढाच प्रश्न तिथे उरलेला असतो.

खेळाची मांडणी

नियम गावागणिक थोडे बदलतात, गाभा एकच. चार खेळाडू, समोरासमोर बसलेले दोन भिडू, बावन्न पानं, प्रत्येकाला तेरा. इस्पिक, बदाम, चौकट आणि किल्वर हे चार रंग. एक्का सर्वांत मोठा, त्याखाली राजा, राणी, गुलाम, मग दश्शी आणि शेवटी दुर्री. उतारी, म्हणजे हाताचं पहिलं पान, ज्या रंगाची, त्याच रंगाचं पान प्रत्येकाने घालायचं. तो रंग नसेल तर हुकूम मारता येतो किंवा दुसरं कोणतंही पान टाकता येतं. हुकूम ठरवण्याच्या दोन पद्धती सर्रास दिसतात. एकीत हुकमाचं पान पालथं ठेवून तो बंद राखतात. दुसरीत उतारीचा रंग ज्याच्याकडे पहिल्यांदा नसतो, त्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम होतो.

सगळी झुंज चार दश्श्यांसाठी, म्हणजे चार मेंढ्यांसाठी. ज्या जोडीकडे तीन किंवा चार मेंढ्या, ती जिंकली. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे सात किंवा जास्त हात, ते जिंकले. चारही मेंढ्या एकाच जोडीने नेल्या तर मेंढीकोट आणि तेराच्या तेरा हात केले तर बावन्नपत्ती.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दश्शी हे काही सर्वांत मोठं पान नाही. एक्का, राजा, राणी, गुलाम अशी चार पानं तिच्या वर आहेत. म्हणजे ज्या पानाला सर्वाधिक किंमत, त्याला स्वतःचं रक्षण करता येत नाही. ती कुणाच्या तरी हातावर घालावी लागते किंवा कुणाच्या तरी आड लपवावी लागते. मेंढीकोटातले सगळे डावपेच या एका विसंगतीतून जन्माला येतात.

बावन्न पानं लक्षात ठेवायची कशी?

ठेवायची नाहीतच. जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली एका गाजलेल्या निबंधात दाखवलं की माणसाच्या तात्पुरत्या स्मरणात साधारण सातेक गोष्टीच एका वेळी मावतात. तेव्हा प्रत्येक पान पाठ करू पाहणारा पाचव्या-सहाव्या हातालाच थकतो. मुरलेला खेळाडू तीनच गोष्टी धरून ठेवतो: मेंढ्या किती आणि कुणाकडे गेल्या, बाहेर हुकूम किती उरले, आणि कोणाकडचा कोणता रंग संपला.

हुकूम मोजण्याची सोपी रीत म्हणजे गेलेले न मोजता बाहेर उरलेले मोजायचे. तुमच्या हाती चार हुकूम आले तर बाहेर नऊ. एका फेरीत तिघांनीही हुकूम घातला तर उरले सहा. कुणी एकाने हुकूम मारला तर पाच. आकडा लहान होत जातो आणि लहान आकडा डोक्यात सहज राहतो. हीच रीत मग आपल्याकडे मेंढी असलेल्या रंगाला लावायची. तिथे सगळी पानं मोजायचीही गरज नसते. मेंढीच्या वरची चार पानं गेली की नाही, एवढं पुरे.

तिसरी गोष्ट, कोणाकडे काय संपलं, ही सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित. एक रंग चार हातांत कसा विभागला जातो याचं गणित पक्कं आहे. दोन वेळा तो रंग उतरला आणि चौघांकडेही तो निघाला, असं शंभरातल्या सुमारे ६४ डावांत होतं. तिसऱ्यांदाही चौघांकडे निघायचा असेल तर प्रत्येकाकडे किमान तीन पानं हवीत, म्हणजे वाटणी चार-तीन-तीन-तीन अशीच हवी. ती शंभरात जेमतेम दहा-अकरा वेळा येते. अर्थ सरळ आहे. एखादा रंग तिसऱ्यांदा उतरतो तेव्हा दहातल्या जवळजवळ नऊ डावांत कुणाकडे तरी तो नसतो. म्हणून मोठं पान असेल तर ते पहिल्या-दुसऱ्या फेरीतच वापरावं. तिसऱ्या फेरीपर्यंत जपलेल्या एक्क्यावर बहुधा हुकूम पडतो.

मेंढ्यांचंही असंच. तेरा पानांत एकही मेंढी न येण्याची शक्यता शंभरात सुमारे ३०, एक येण्याची ४४, दोन येण्याची २१. चारही आपल्याच हाती येणं तर हजारात दोन-तीन वेळाच घडतं. मेंढी आली नाही म्हणून तोंड पाडून बसणाऱ्याने हे लक्षात घ्यावं की दर तिसऱ्या-चौथ्या डावाला कुणाचीही हीच गत होते. मेंढी नसलेला हात कमकुवत नसतो. त्याला जपायचं काही नसतं आणि मारायला सगळं मोकळं असतं.

आधी मागणी, मग पान

चार-पाच पानं उरली की हातातल्या पानांकडे पाहण्याआधी एक हिशेब करावा: जिंकायला आपल्याला नेमकं काय हवं? हा हिशेब न करता खेळणारा कधी नको असलेल्या मेंढीमागे धावतो, तर कधी हवी असलेली मेंढी सोडून हात गोळा करत बसतो.

समजा तीन मेंढ्या निघाल्या आहेत, दोन आपल्याकडे आणि एक त्यांच्याकडे. चौथी मिळाली तर आपला विजय पक्का. गेली तर दोन-दोन आणि मग हातांची मोजणी. म्हणजे आपले सात हात आधीच झाले असतील तर चौथ्या मेंढीने जय-पराजयात काहीच फरक पडत नाही. उलट त्यांचे सहा हात झाले असतील आणि चार उरले असतील, तर ती एक मेंढी म्हणजे सगळा डाव.

आता उलट बाजू घ्या. दोन मेंढ्या त्यांच्याकडे, एक आपल्याकडे. इथे नुसती चौथी मेंढी पुरत नाही, सात हातही हवेत. त्यांचे सात हात झाले असतील तर डाव हरलेलाच आहे. आपले पाच झाले असतील तर उरलेल्या चारांतले दोन हात हवेत आणि त्यातल्या एकात मेंढी हवी. अशा वेळी कोणत्या हातात मेंढी घालायची हे आधीच ठरवावं लागतं.

तिसरी स्थिती: तीन मेंढ्या त्यांनी नेल्या. डाव गेला, पण कोट टाळायचा आहे. इथे हातांचा मोह पूर्ण सोडून सगळी मोठी पानं आणि हुकूम त्या एका मेंढीसाठी राखायचे. तिन्ही स्थितींत हातातली पानं तीच असू शकतात, टाकायचं पान मात्र वेगळं. शेवटच्या हातांत पानाची किंमत त्याच्यावरच्या चित्रात राहत नाही. काय गेलं आणि काय हवं, यावर ती ठरते.

असाच हिशेब करायला लावणारा, इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून खेळला जाणारा क्रिबेज नावाचा एक पत्त्यांचा खेळ आहे. सर जॉन सकलिंग या कवीला त्याचं श्रेय दिलं जातं. दोघांच्या डावात प्रत्येकाला सहा पानं मिळतात, त्यातली दोन बाजूला टाकायची आणि चार ठेवायची. गुण दोन प्रकारे मिळतात: पानं एकेक खाली ठेवत एकतीसपर्यंत बेरीज करताना, आणि नंतर हातातल्या जुळण्या मोजताना. गुणांच्या खुंट्या एका फळीवर सरकवत नेतात आणि १२१ व्या भोकात पहिला पोचेल तो जिंकतो. जुळण्या मोजताना पान वाटणाऱ्याचा नंबर नंतर येतो. त्यामुळे शेवटच्या डावात, समोरचा आधी मोजून जिंकणार असं दिसलं, तर वाटणाऱ्याच्या हातातल्या सुंदर जुळण्या निरुपयोगी ठरतात. त्याला खेळतानाच दोन-तीन गुण काढावे लागतात आणि त्यासाठी जुळण्या मोडून, बेरीज एकतीसच्या जवळ गेल्यावरही घालता येतील अशी लहान पानं ठेवावी लागतात. एरवी जे पान टाकायचं, तेच इथे जपायचं. फळीवर खुंटी कुठे आहे हे पाहिल्याशिवाय क्रिबेजमध्ये पान टाकत नाहीत. मेंढीकोटात फळी नसते, तिची जागा आपल्या डोक्यातल्या हिशेबाने घ्यावी लागते.

मेंढी एकटी पडू देऊ नये

मेंढी आपल्या हाती असताना सर्वाधिक चुका टाकण्याच्या पानात होतात. समजा बदामाची दश्शी आणि बदामाची तिर्री उरली आहे, दश्शीच्या वरचा फक्त बदामाचा राजा बाहेर आहे आणि दुसऱ्या रंगावर काहीतरी टाकायचं आहे. हात आपोआप तिर्रीकडे जातो. तिर्री गेली की पुढच्या फेरीत विरुद्ध जोडी राजा उतरते आणि एकटी मेंढी निमूट बाहेर येते. तिर्री राखली असती तर राजावर ती गेली असती आणि दश्शी त्या रंगातलं सर्वांत मोठं पान ठरली असती. नियम सोपा आहे. विरुद्ध जोडीकडे मेंढीच्या वरची जितकी पानं उरली असतील, तितकी लहान पानं मेंढीसोबत हवीत. एक मोठं असेल तर एक, दोन असतील तर दोन. तितकी नसतील तर मेंढी जपण्याचा नाद सोडून ती भिडूच्या हातावर घालायची संधी शोधावी.

भिडूच्या हातावर मेंढी घालणं ही या खेळातली सर्वांत आनंदाची चाल. भिडूने मोठं पान उतरलं, आपल्याकडे तो रंग नाही, आणि आपण अलगद दश्शी ठेवतो. पण आपल्यानंतर कुणी खेळायचं असेल तर ठेवण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. नंतरच्याकडे तो रंग आहे का? नसेल तर त्याच्याकडे हुकूम आहे का? पहिल्याचं उत्तर ‘आहे’ किंवा दुसऱ्याचं ‘नाही’ असेल तरच मेंढी सुरक्षित. आपण शेवटी खेळत असू तर प्रश्नच नाही. म्हणून चांगला भिडू मोठं पान उतरण्याआधी कोण शेवटी खेळणार आहे हे पाहतो.

पान कुणाकडे आहे?

पाच-पाच पानं उरली असताना आपल्याला न दिसणारी पानं पंधरा, तिघांकडे सारखी विभागलेली. हव्या त्या एका पानाबद्दल काहीच माहिती नसेल तर ते भिडूकडे असण्याची शक्यता तीनात एक. पण माहिती असतेच. विरुद्ध जोडीपैकी एकाने आधी त्या रंगावर दुसरं पान टाकलं असेल, तर तो बाद झाला आणि शक्यता दोनात एक झाली. भिडूकडेही तो रंग संपल्याचं दिसलं असेल, तर ते पान उरलेल्या एकाकडेच आहे, शंभर टक्के. तीनात एक ते शंभर टक्के हा प्रवास दोन पानांकडे नीट पाहिल्याने होतो. त्याला तल्लख डोकं लागत नाही, डोळे पत्त्यांवर असावे लागतात.

भिडू काय टाकतो, हाही एक निरोपच असतो. त्याने मुद्दाम लहान चौकट टाकली तर चौकटीत त्याला रस नाही, मोठी टाकली तर त्याच्या मागे काही विचार आहे. डोळे मिचकावणं, खाकरणं, पान आपटणं याला पारावरसुद्धा लबाडी म्हणतात, आणि ते योग्यच आहे. पानांतून मात्र जे बोलायचं ते मोकळेपणाने बोलावं, कारण ते चौघांनाही दिसतं.

एक्का टाकण्याची हिंमत

आता एक स्थिती पूर्ण मांडू. घरी कॅट असेल तर सोळा पानं काढून समोर ठेवा.

हुकूम इस्पिक. नऊ हात झाले आहेत, सहा त्यांचे, तीन आपले. मेंढ्या तीन निघाल्या, दोन आपल्याकडे, एक त्यांच्याकडे. राहिली आहे ती हुकमाची मेंढी, इस्पिक दश्शी. ती मिळाली तर तीन मेंढ्यांनी डाव आपला. गेली तर दोन-दोन होतील, आणि ज्या हातात ती जाईल तो त्यांचा सातवा हात असेल.

तुमच्याकडे: इस्पिक गुलाम, इस्पिक नव्वी, बदाम एक्का, बदाम चव्वी.
भिडूकडे: चौकट राजा, चौकट अठ्ठी, चौकट सत्ती, बदाम राजा.
तुमच्या आधी खेळणाऱ्याकडे: इस्पिक दश्शी, इस्पिक छक्की, बदाम पंजी, चौकट दुर्री.
तुमच्या नंतर खेळणाऱ्याकडे: बदाम नव्वी, चौकट तिर्री, किल्वर सत्ती, किल्वर तिर्री.

अर्थात तुम्हाला फक्त तुमची पानं दिसतात. पण तुम्ही हुकूम मोजले आहेत. बाहेर दोनच उरलेत, दश्शी आणि छक्की. मागच्या हुकमाच्या फेरीत भिडूने आणि नंतरच्याने दुसरीच पानं टाकली होती. म्हणजे दोन्ही हुकूम आधीच्याकडे आहेत हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

भिडू चौकट राजा उतरतो. त्या रंगात आता तेच सर्वांत मोठं पान आहे. आधीचा दुर्री घालतो. तुमच्याकडे चौकट नाही. हात भिडूचाच होणार, तेव्हा हुकूम मारायचं कारण नाही. एक बदाम टाकायचा. एक्का की चव्वी?

शंभरातले नव्वद जण चव्वी टाकतील. एक्का म्हणजे हमखास हात, तो कोण टाकेल? आता पुढे पाहा. नंतरचा चौकट तिर्री घालतो, भिडूचा हात होतो आणि भिडू बदाम राजा उतरतो. आधीचा पंजी घालतो. तुमच्याकडे एक्का एवढाच बदाम आहे, घालावाच लागतो. हात तुमचा, आणि त्याचबरोबर उतारीही तुमची. हातात गुलाम आणि नव्वी, आधीच्याकडे दश्शी आणि छक्की. गुलाम उतरला तर तो छक्की घालतो आणि शेवटच्या हाताला तुमच्या नव्वीवर दश्शी येते. नव्वी आधी उतरली तर दश्शी लगेच येते. दोन्हीकडून मेंढी गेली, त्यांचे सात हात झाले, डाव हरला.

आता एक्का टाकून पाहा. भिडू बदाम राजा उतरतो, आधीचा पंजी, तुम्ही चव्वी, नंतरचा नव्वी. हात भिडूचा, उतारी भिडूची. त्याच्याकडे चौकट अठ्ठी आणि सत्ती. तो अठ्ठी उतरतो. आधीच्याकडे दोनच पानं, दोन्ही हुकूम, आणि तुम्ही त्याच्यानंतर खेळणार. त्याने दश्शी मारली तर तुम्ही गुलाम मारता आणि मेंढी आली. त्याने छक्की मारली तर तुम्ही नव्वी मारता, हात तुमचा, मग गुलाम उतरता आणि एकटी पडलेली दश्शी खाली येते. त्याला सुटकाच नाही.

भिडूने बदामाऐवजी आधी चौकट अठ्ठी उतरली तर? आधीचा छक्की किंवा दश्शी मारेल तर वर सांगितल्याप्रमाणेच फसेल. तो हुशारीने बदाम पंजी टाकेल तर तुम्हीही चव्वी टाका. अठ्ठीवरच हात भिडूचा होतो, आणि पुढच्या उतारीला आधीच्याकडे दोन हुकमांशिवाय काही नसतं. एक्का टाकल्यावर भिडूने काहीही उतरलं तरी मेंढी तुमचीच. चव्वी टाकली तर भिडूने बदाम उतरताच घात होतो, आणि भिडूला बिचाऱ्याला तुमची पानं दिसत नसतात.

या एका स्थितीत शेवटच्या हातांचं सगळं मर्म आलं आहे. पहिलं, उतारी मिळणं नेहमीच फायद्याचं नसतं. ज्याच्याकडून मेंढी काढायची, त्याच्यानंतर खेळायला मिळणं कित्येकदा जास्त मोलाचं. दुसरं, मोठं पान हे ओझं होऊ शकतं, कारण ते तुम्हाला नको तेव्हा हात करायला लावतं. एक्क्याला हरता येत नाही आणि इथे हरणंच हवं होतं. तिसरं, हे सगळं भिडूवर सोपवायची तयारी लागते. बदामाचा हात राजाने केला काय आणि एक्क्याने केला काय, जोडीच्या खात्यावर तो एकच.

जुगार आणि खेळ

पत्त्यांचं नाव काढलं की घरातली वडीलधारी माणसं आजही कपाळाला आठ्या घालतात. ‘पत्ते कुटत बसलाय’ यात आळस आणि जुगार दोन्ही आले. तीन पत्तीने आणि पैशाच्या डावांनी संसार बुडाल्याची उदाहरणं खरी आहेत, आणि तो राग खोटा म्हणता येणार नाही. पण कायद्यानेही जुगार आणि कौशल्याचा खेळ या दोहोंत फरक केला आहे. १८८७ सालच्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळलेलं होतं. पुढे १९६७ साली आंध्र प्रदेशातून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. त्यामागचं कारण आपल्या विषयाला नेमकं भिडतं: रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, आणि कोणतं पान धरायचं व कोणतं सोडायचं यात कसब लागतं. मेंढीकोट तर बहुतेक ठिकाणी पैशाशिवायच खेळतात. हरणाऱ्याने पुढचा डाव पिसायचा आणि चहा सांगायचा, एवढाच दंड. तो तसाच राहावा. पैसा लागला की भिडूच्या चुकीचा हिशेब रुपयांत होऊ लागतो आणि एक्का टाकण्याची हिंमत कुणी करत नाही.

पानं लक्षात ठेवण्याच्या या कसबाची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. सावंतवाडीचा गंजिफा आजही हाताने रंगवला जातो आणि २०२४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यातल्या दशावतारी गंजिफाची पानं गोल, एकूण १२०, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. त्यात हुकमाचा आधार नसतो. कोणतं पान गेलं आणि आता कोणतं मोठं झालं, हे लक्षात ठेवणं हेच त्या खेळाचं बळ. इतक्या पानांचा हिशेब ठेवणारे लोक याच मातीत होते. बावन्न पानांचा हिशेब आपल्यालाही जमण्यासारखा आहे.

सुरुवात कशी करावी

एकदम सगळं मोजायला जाऊ नये. पुढच्या बैठकीत फक्त हुकूम मोजा, बाकी कशाकडे लक्ष गेलं नाही तरी चालेल. ते सहज जमू लागलं की कुणाकडचा कोणता रंग संपला हे टिपायला लागा. त्यानंतर चार पानं उरली की क्षणभर थांबून मागणीचा हिशेब करा: मेंढ्या किती, हात किती, आणि उतारी मला हवी की भिडूला. डाव संपल्यावर पानं लगेच पिसायला घेऊ नका. शेवटचे चार हात उघडे मांडा आणि चौघांनी मिळून पाहा की कुठलं पान वेगळं पडलं असतं तर निकाल फिरला असता. बुद्धिबळाचे आणि ब्रिजचे खेळाडू असंच शिकतात. पारावर याची सवय क्वचितच दिसते, कारण हरलेल्याला पुढच्या डावाची घाई असते.

घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही या मांडणीत घ्यावं. वजाबाकी, शक्यता आणि ‘अमुक असेल तर तमुक’ हा तर्क मुलं इथे स्वतःहून करतात, कारण प्रत्येक उत्तर लगेच समोर पडतं. आणि पाठ्यपुस्तकात सहसा न सापडणारी एक गोष्टही ती इथे शिकतात: आपल्या हातचं सर्वांत मोठं पान, जोडीचं भलं होणार असेल तर, वेळेवर सोडून द्यायचं असतं.